नरसीचा टाळ, जालन्याचा हापसा

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. मारुतीच्या पारापाशी नाहीतर झेडपीच्या शाळेच्या कोपऱ्यावर एखादा हापसा उभा असतोच. दांडा खाली दाबला की वरच्या पेटीत साखळी खडखडते आणि पाणी वर येतं. ही साखळी आली सोलापुरातून, आणि या हापशाचा पूर्वज घडला जालन्यात. दोन्हीकडे तो घडवणारी माणसं चर्चच्या मिशनांशी जोडलेली होती!

प्रोटेस्टंट चर्चची साधनं म्हटली की बायबल, गीतांचं पुस्तक, पेटी-तबला एवढंच डोळ्यांपुढे येतं. मराठी मंडळ्यांच्या शिदोरीत मात्र कीर्तन आहे, एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध आहे, दुष्काळातल्या मुलींनी छापलेलं बायबल आहे आणि हा हापसाही आहे. भक्ती एका कप्प्यात आणि न्याय दुसऱ्या कप्प्यात, असली वाटणी या शिदोरीत नाही. ज्यांनी गाणी रचली त्यांनीच शाळा काढल्या, ज्यांनी शास्त्र छापलं त्यांनीच भुकेल्यांना जेवू घातलं. त्यातलं बरंच काही हिंगोलीच्या आसपासच्या मातीतलं आहे, म्हणून ते इथल्या वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हापशाची कुळकथा

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात बोअर घेण्याचं काम जोरात सुरू झालं. जालन्याचं स्कॉटिश मिशन त्यात पुढे होतं. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि पाण्याचा प्रश्न जिवावर बेतला. बोअर होत होत्या, पाणी लागत होतं, अडत होतं ते वर बसवायच्या पंपाशी. हे पंप बिडाचे, परदेशी घाटाचे. एका घराने दिवसाला चार बादल्या उपसाव्यात एवढ्याच बेताने बनवलेले. इथे एका पंपावर अख्खं गाव! पहाटे अंधारात सुरू झालेली घागरींची रांग रात्रीपर्यंत हटत नसे. सांधे झिजायचे, बीड तडकायचं, आणि बायाबापड्या पुन्हा दोन कोसांवरच्या विहिरीची वाट धरायच्या. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारांतले सुमारे तीन पंप बंद पडलेले आढळले.

जालन्याच्या मिशनमधल्या कारागिरांनी त्याआधीच यावर डोकं चालवलं होतं. अनेक ठिकाणी हलणाऱ्या सांध्यांऐवजी एकच दणकट सांधा ठेवला आणि बिडाच्या जागी पोलाद वापरलं. हाच ‘जालना पंप’. पुढची उडी सोलापूरची. तिथल्या ‘सोलापूर वेल सर्व्हिस’मध्ये ऑस्कर कार्लसन नावाचे स्वीडिश गृहस्थ होते. यंत्रविद्या ते स्वतःच्या हाताने शिकलेले. त्यांच्या पंपात दांड्याच्या टोकाला एक चाप आणि त्यावरून सुटणारी साखळी होती. पोराने दांड्याला लोंबकळून पाणी काढलं काय किंवा आजीने हळूहळू, आतली सळई सरळ उभीच वरखाली होते. ती तिरकी ओढली जात नाही, म्हणून झीजही कमी.

हा सोलापूर पंप समोर ठेवून युनिसेफ, सरकारी यंत्रणा आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो गावोगाव बसू लागला. त्याच्या आराखड्यावर कुणी मालकी सांगितली नाही. कुणीही बनवावा, कुणीही बसवावा! त्यामुळे तो आफ्रिकेतही पोचला आणि जगातल्या सर्वांत जास्त बसवलेल्या हातपंपांपैकी एक ठरला.

तहानलेल्याला पाणी देणं हे ख्रिस्ती शास्त्रात थेट प्रभूची सेवा म्हणून सांगितलं आहे. त्या वचनाचा इतका टिकाऊ अर्थ दुसऱ्या कुणी लावल्याचं मला माहीत नाही.

नरसीहून चर्चपर्यंत

परंपरा संत नामदेवांचं जन्मगाव हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानते. नामदेवांनी कीर्तन पंजाबपर्यंत नेलं, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. त्यांचं कीर्तन पुढे मराठी चर्चमध्येही शिरलं, ही गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. सुरुवातीची उपासना विलायती चालींवर होती. शब्द मराठी, सूर बोस्टनचे. लोक आदराने ऐकत, पण मान डोलत नसे. मग १८६० च्या दशकात अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे उभे राहिले आणि त्यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. तेच पूर्वरंग-उत्तररंग, तेच टाळ. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं नाहीतर वाटेत लुटल्या गेलेल्या प्रवाशाला उचलून नेणाऱ्या शोमरोनी माणसाचं. ऐकायला चर्चबाहेरचेही जमत. खेड्यात अजूनही याहून चांगलं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. स्पीकरच्या भिंती लावून जे साधत नाही ते एक बरा कीर्तनकार दोन टाळकऱ्यांना घेऊन साधतो.

आणि मग आले नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. तो माणूस कोण, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुस्तक उघडून ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकितातली दोन वर्षं जेमतेम सरत होती!

आज मराठी मंडळ्या ज्या ‘उपासना संगीत’मधून गातात, त्यातली अडीचशेच्या घरातली गीतं एकट्या टिळकांची आहेत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते उघडपणे सांगत. ‘अभंगांजली’ वाचताना हा पूल पायांखाली जाणवतो. ज्यांना सकाळी दहा मिनिटं शांत बसून मनन करायचं आहे, त्यांनी परदेशी मननपुस्तकं मागवण्याआधी हे पुस्तक उघडावं.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ मात्र अर्धंही झालं नव्हतं, आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरीही धड न चढलेल्या या बाईंनी महाकाव्याचा बहुतांश भाग स्वतः रचून ते पूर्ण केलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. ते मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं, पण महिला मंडळांच्या बैठकीत ते क्वचितच निघतं याचं मला खरोखर वाईट वाटतं. श्रद्धा म्हणजे काय, हे त्यात उपदेशाचा एक शब्दही न वापरता कळतं. सोवळं, भूक, भांडण, हसू आणि मग हळूहळू उघडत गेलेलं मन, सगळं त्यात आहे.

आता नरसीचा धागा पुन्हा जोडतो. निकल मॅक्निकल हे स्कॉटिश मिशनरी. त्यांनी मराठी संतांच्या १०८ रचनांचं इंग्रजी भाषांतर १९१९ साली प्रसिद्ध केलं. त्यात ज्ञानेश्वर आहेत, तुकाराम आहेत आणि आपले नामदेवही आहेत. याच मॅक्निकल यांनी टिळकांचं एक भजनही इंग्रजीत नेलं. ते विलायतेतल्या चर्चच्या गीतसंग्रहांत गेलं आणि तिथल्या भाविकांनी आपलं म्हणून गायलं. नामदेव आणि टिळक, दोघांनाही या एकाच माणसाने इंग्रजीत नेलं.

जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मिशनरी तर निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावरही महाराष्ट्रातच रमले होते. महिपतीबुवांचे संतचरित्रांचे ग्रंथ त्यांनी एकामागून एक इंग्रजीत आणले. नामदेवांची नरसी-पंढरपूरची कथा अमेरिकेच्या ग्रंथालयांत पोचली त्यात त्यांचा मोठा वाटा. शेजाऱ्याच्या भक्तीकडे इतक्या आदराने पाहता येणं, हीसुद्धा आत्मिक वाढीची खूणच म्हणायला हवी.

बेथेल

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधी हा सगळा मुलूख निजामाचा होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि जालन्यातही लष्कर होतं. त्याच निजामी मराठवाड्यात १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री आले.

यांची कथा मुंबईपासून सुरू होते. १८४३ साली या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांकडे परत दिलं, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबई-पुणे पेटलं. त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू मांडली आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

थोरला भाऊ मराठवाड्यात आला आणि त्याने आपलं आयुष्य मांग समाजाच्या वस्तीत घालवलं. ज्यांची सावली टाळण्याचे संस्कार लहानपणी झाले, त्यांच्यासाठी त्याने हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ एक गाव वसवलं. त्याचं नाव बेथेल. चर्च, शाळा, विहिरी, झाडं आणि कसायला रान, सगळं त्यात. ज्यांच्या नावावर कधी वीतभर भुई नव्हती, त्यांच्या पायाखाली स्वतःचं गाव आलं. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या प्रोटेस्टंट चर्चांच्या मोठ्या परिषदेत शेषाद्री बोलले. १८९१ साली प्रवासात असताना समुद्रावरच त्यांचं निधन झालं.

मुक्ताचा निबंध

जून १८४२ मध्ये अहमदनगरच्या मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मराठीतल्या सर्वांत दीर्घायुषी नियतकालिकांत त्याचं नाव घेतलं जातं. पहिले संपादक हेन्री बॅलंटाईन. उपासनेची मराठी गीतं रचणाऱ्या पहिल्या फळीतही तेच होते. टिळकांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यातल्या मराठी मजकुराची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

पण ‘ज्ञानोदय’चे सर्वांत मोलाचे अंक कोणते, असं विचारलं तर मी १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ चे दोन अंक पुढे करेन. त्या दोन अंकांत मिळून मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मुक्ता चौदा वर्षांची, मांग समाजातली, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं आणि लिहिताना कुणाची भीड धरली नाही. वेद ज्यांचे ते आम्हाला हात लावू देत नाहीत, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने देवालाच घातला. पेशवाईत तिच्या माणसांवर झालेले अत्याचार तिने नोंदवले. उघड्यावर, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांची कळ तिने मांडली. दलित स्त्रीच्या लेखणीतून उतरलेलं हे मराठीतलं पहिलं ज्ञात लेखन मानलं जातं. ते जपून राहिलं कारण चर्चच्या एका पत्राने ते छापलं.

फुले आणि मिशनचा हा संबंध अचानक जुळलेला नाही. जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा होती, ती पाहून त्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची उमेद आली. फरारबाई १८२७ साली मुंबईला आल्या. अविवाहित बाईने एकटीने सातासमुद्रापार जायचं, तेही शिकवायला, हे अमेरिकेतही तेव्हा अपूर्व होतं. १८६२ साली अहमदनगरलाच त्यांचा देह पडला. मधल्या जवळपास साडेतीन दशकांत त्यांनी मराठी मुलींना वाचायला शिकवण्यापलीकडे दुसरं काही मनात आणलं नाही.

या वाटेवरचं आणखी एक नाव बाबा पदमनजींचं. त्यांचं १८५७ चं ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं. विषय कोणता? विधवांचे हाल!

केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका बरोबर घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन अशा मुलींनीच भरलं. शेती, विणकाम, दूधदुभतं, तेलाचा घाणा आणि छापखाना. त्या छापखान्यात खिळे जुळवणारे हात मुलींचे होते.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, आणि तेही शेतातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत. एकट्या बाईने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात शोधून सापडतील तेवढीच! काम हातावेगळं होतं न होतं तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. छापील बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. लेक मनोरमाबाई त्यांच्या आधीच, १९२१ साली, गेली होती. तिने निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा उभी केली होती.

चालता चालता

मुलांची रविवारची शाळा, म्हणजे आपली शब्बाथशाळा, सुरुवातीला फक्त धर्मशिक्षणासाठी नव्हती. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी ती काढली ती सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी. त्यांना एकच सुट्टी, म्हणून शाळाही त्याच दिवशी. अक्षरओळख आधी, वचनपाठ त्याच्या जोडीने.

अंध मुलांसाठी दादरला जी शाळा आहे, ती १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी सुरू केली.

हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. मराठी मुलखातल्या एका आडवळणाच्या गावी देशभरातले पाळक शिकून गेले. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलही शेजारचंच; नाझरीन मंडळीचं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या आपापली नावं बाजूला ठेवून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेली उत्तर भारताची संयुक्त मंडळी. लहान मुलाचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी, यावर शतकानुशतकं भांडलेली मंडळी दोन्ही पद्धती मान्य करून एका छपराखाली आली! अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला राहिले, म्हणून एकाच गावात आजही दोन वेगळी चर्चं दिसतात.

कापणीच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडी, केळ्यांचे घड घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लहानशा भोपळ्यालाही चढती बोली लागते, कारण रक्कम मंडळीच्या कामाला जाते. शेतीच्या गावात याहून नैसर्गिक उपासना कोणती?

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनेचा मजकूर लिहितात, आणि जगभरच्या मंडळ्या आपापल्या भाषेत तोच वापरतात. कुठल्यातरी दूरच्या बेटावरच्या बाईचं दुःख मराठी चर्चमध्ये मोठ्याने वाचलं जातं.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार

हे सगळं सांगितल्यावर एक न सुटलेली गोष्टही सांगायलाच हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढून टाकायची शिफारस केली होती. धर्म बदलला म्हणून गावातलं घर वेशीबाहेरून आत सरकत नाही, पाणवठ्यावरची नजर बदलत नाही. आणि चर्चच्या आतही जात पुरती मेलेली नाही, हे मंडळीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून नोव्हेंबरचा दुसरा रविवार भारतीय चर्चांत दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि या दिवसाचा आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे आहे. त्या रविवारी बाहेरून छापील उपासना आली तर जरूर वापरावी. पण एखाद्या मंडळीकडे काहीच नसेल, पाळकसाहेब चार गावं सांभाळत असतील आणि उपदेश तयार करायलाही वेळ मिळाला नसेल, तर उपदेशाच्या जागी मुक्ता साळवेचा निबंध वाचावा. वाचायला शब्बाथशाळेतली चौदा वर्षांची मुलगी उभी करावी. त्यानंतर टिळकांचं एखादं भजन टाळावर घ्यावं, आणि अर्पणाच्या थैलीत जे जमेल त्यातून गावातला एखादा बंद पडलेला हापसा दुरुस्त करून घ्यावा.